त्या सर्पाखालची सही कापली गेली आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या आदिवासी चित्रांवर पानभर मजकूर होता. त्यात डाव्या अंगाला वर एक चित्र छापलं होतं. कोऱ्या कागदावर वळणं घेत गेलेला सर्प, डोक्यावर शिंग, तोंडातून वीज. खाली ओळ होती : ‘रेड इंडियन आदिवासींनी रंगवलेला नागदेव. अमेरिकेतील वारलीच जणू!’ मी भिंग घेऊन बसलो. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पेपर भिंगानंच वाचतो. त्यात आपला दोष नाही, छपाईचा थोडा आहे.) चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘अवा त्सि’ एवढं दिसलं आणि तिथंच चित्र संपलं. पान लावणाऱ्यानं चौकटीत बसावं म्हणून कड कापली, तीत चित्रकाराचं अर्धं नाव गेलं. उरलेलं अर्धं कुणी वाचलं नाही, म्हणून खाली ‘आदिवासींनी’ आलं. त्या अनेकवचनासाठी हे पत्र.

पूर्ण नाव अवा त्सिरे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, राजधानी सांता फेच्या वायव्येला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी सान इल्डेफोन्सो नावाचं पुएब्लो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव आहे, तिथला हा माणूस. जन्म १८९८, मृत्यू १९५५. कागदोपत्री नाव अल्फोन्सो रॉयबल, ते स्पॅनिश वळणाचं. अवा त्सिरे हे घरच्या तेवा भाषेतलं, आणि त्याचा अर्थ पाणकणसातला पक्षी. तळ्याच्या कडेला ती तपकिरी कणसं उभी असतात ना, त्यांत बसणारा.

मला हे माहीत असण्याचं कारण एवढंच, की मुलगी-जावई त्याच राज्यात आल्बुकर्की शहरात असतात आणि मी जुलैच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडे राहून आलो. त्याआधी ३१ वर्षं माण तालुक्यात शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त माणसाला अमेरिकेत दुपारी काय काम? मुलगी कामावर जाताना मला एखाद्या संग्रहालयाच्या दारात सोडायची, संध्याकाळी घ्यायला यायची. डब्यात पोळी-भाजी, खिशात वही. एका एका चित्रासमोर तासभर बसलो, तरी तिथं कुणी हटकत नाही.

खरं तर या चित्रांशी पहिली भेट विमानतळावरच झाली. आल्बुकर्कीच्या विमानतळावर पॉप चॅली या ताओस पुएब्लोच्या चित्रकर्तीची मोठी चित्रं लावलेली आहेत. तिचे घोडे प्रसिद्ध. पाय काडीसारखे, आयाळ आणि शेपूट वाऱ्यावर भुरभुरत जमिनीपर्यंत आलेली. असा घोडा पृथ्वीवर नाही, पण धावतो मात्र खरा. मी बॅगेची ट्रॉली धरून पाहत उभा, आणि मुलगी म्हणते, ‘बाबा, आधी घरी चला.’

आता तुमच्या ‘नागदेवा’कडे येतो. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून श्रावणातल्या कागदाची सवय आहे. नागनरसोबा, उभारलेला फणा, त्यावर दहाचा आकडा. त्यामुळे साप दिसला की आपण हात जोडून मोकळे होतो. पण या सर्पाला फणा नाही. तेवा लोक त्याला अवान्यू म्हणतात. होपी आणि झुनी या तिकडच्याच दुसऱ्या जमातींकडे असाच पाण्याचा सर्प आहे, त्याची नावं तिथं निराळी. अवान्यूच्या डोक्यावर शिंग किंवा पिसांचा तुरा असतो, अंग पाण्याच्या वळणांनी जातं, आणि जीभ म्हणजे सरळसरळ नागमोडी वीज. (बघा, नागमोडी म्हटल्याशिवाय मलाही पुढे जाता येत नाही.) तो वाहत्या पाण्याचा राखणदार. तिथल्या पाहारितो पठारावर मऊ ज्वालामुखी दगडाचे कडे आहेत, त्यांवर तो शेकडो वर्षांपूर्वी कोरलेला आहे. सान इल्डेफोन्सोच्या मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या जोडप्यानं काळ्यावर काळी नक्षी असलेली मडकी जगभर नेली. त्यांतल्या कित्येक मडक्यांच्या खांद्याभोवती हुलियाननं हाच अवान्यू फिरवला आहे. मडकं हातात धरून फिरवलं की सर्प सरकतो. सपाट कागदावर त्याला ही सोय नाही, म्हणून कागदावर त्याची वळणं जास्त ताणलेली दिसतात, असं माझं निरीक्षण.

ढगांचंही तेच. या चित्रांत ढग कापसासारखा नसतो. तो पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, घाटाच्या पायऱ्या दोन्हीकडून चढत याव्यात तसा. नाहीतर तीन अर्धवर्तुळं एकमेकांवर रचलेली. त्याखाली उभ्या बारीक रेघा म्हणजे पाऊस. मी आधी ही निव्वळ संकल्पचित्रातली नक्षी समजलो होतो. ऑगस्टमध्ये एका दुपारी मुलीच्या गॅलरीत उभा होतो. तिथल्या पावसालाही लोक मॉन्सूनच म्हणतात, जुलै ते सप्टेंबर, दुपारी गडगडाट करून येतो. सांडिया डोंगरावर सपाट तळाचा ढग आला, त्याच्या पोटातून करड्या दोऱ्या लोंबल्या, आणि त्या जमिनीपर्यंत पोचल्याच नाहीत. हवा इतकी कोरडी, की पाऊस अधांतरीच विरला. चित्रात पावसाच्या रेघा अर्ध्यावर का थांबतात, ते मला कुणी समजावून सांगितलं नाही, मी आपला त्या दिवशी तसा अर्थ लावला. वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा तो मुलूख. आमच्या माणदेशात त्याहून बरा पडतो, तरी आम्ही दुष्काळी म्हणवून घेतो. न पोचणारा पाऊस बघत उभं राहणं म्हणजे काय, ते मला नवीन नव्हतं.

एक चित्र जवळून दाखवतो, कारण तुमच्या पानावर ते काही दिसलं नसणार. अवा त्सिरेचंच. मधोमध इंद्रधनुष्याची कमान, सारख्या रुंदीचे पट्टे, एकही पट्टा दुसऱ्यात मिसळलेला नाही. कमानीची दोन्ही टोकं पायऱ्यांच्या ढगांवर टेकलेली. कमानीखाली समोरासमोर दोन स्कंक. हा प्राणी आपल्याकडे नाही, काळा, पाठीवर पांढरा पट्टा, शेपूट झुबकेदार, घाण वास सोडतो. इथं मात्र दोघं असे उभे, जणू देवळाच्या दारातले सिंह. काळ्या शाईची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची. मी नाक काचेला लावून पाहिलं, हात कुठं थांबला, कुठं पुन्हा टेकला, ते सापडेना. शेपटीचा प्रत्येक केस वेगळा. आणि मागे काय? काहीच नाही. जमीन नाही, क्षितिज नाही, सावली नाही. कोरा कागद.

ही रेघ कुठून आली? अवा त्सिरेची आई अल्फोन्सिता मडकी घडवायची आणि हा त्यांवर नक्षी काढायचा. मडक्यावर रेघ चुकली तर खोडरबर चालत नाही.

त्याचा मामा क्रेसेन्सिओ मार्टिनेझ. तो आधी खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायचा असं सांगतात. सांता फेच्या संग्रहालयाचे संचालक एडगर ली हेवेट यांनी १९१७च्या सुमाराला त्याला चांगला कागद आणि जलरंग दिले, आणि गावातल्या वर्षभराच्या नाचांची चित्रं काढायला सांगितली. मालिका पुरी व्हायच्या आत १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला. पुढे भाच्यानं कुंचला धरला. १९२० साली अवा त्सिरेची चित्रं शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात लागली. त्याच गावात जन्मलेली तोनिता पेन्या कोचिती पुएब्लोला वाढली. बायकांनी मडकी करावीत, माणसांची चित्रं काढू नयेत असा दंडक असताना ती नाचाची चित्रं काढत राहिली.

आणि हे सगळं कोणत्या काळात? १९२१ साली अमेरिकी सरकारच्या इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी या नाचांवर बंधनं घालायला सांगणारं परिपत्रक काढलं. १९२३च्या पुरवणीत तर अशी शिफारस होती की पन्नाशीच्या आतल्या माणसांनी नाचात भागच घेऊ नये. अवा त्सिरे तेव्हा पंचविशीचा. मुलांना निवासी शाळांत नेऊन केस कापायचे, घरची भाषा बंद करायची, ही तर सरकारी रीतच होती. सांता फेच्या सरकारी शाळेत सुपरिंटेंडंटची बायको एलिझाबेथ डीहफ हिनं १९१८च्या सुमाराला फ्रेड काबोती, ओटिस पोलेलोनेमा, वेलिनो हेरेरा अशा काही मुलांना घरी बोलावून चित्रं काढायला बसवलं. मुलांनी काय काढलं? गावचे नाच, मुखवटे, मक्याची कणसं. घरापासून लांब नेलेली पोरं दुसरं काय काढणार? या उद्योगापायी नवऱ्याची बढती राहिली बाजूला, पदावरून खाली यावं लागलं. ज्याला आपण ‘साधी, बालसुलभ चित्रं’ म्हणून पुरवणीत लावतो, त्यांची ही पार्श्वभूमी.

१९३२ साली त्याच शाळेत डॉरोथी डन या बाईंनी चित्रकलेचा वर्ग काढला, त्याला ‘द स्टुडिओ’ म्हणत. १९३७पर्यंत त्या होत्या, मग त्यांचीच विद्यार्थिनी हेरोनिमा मोंतोया यांनी तो पुढे बरीच वर्षं चालवला. डनबाईंची पद्धत अशी की समोर मॉडेल नाही, छायाप्रकाश नाही, जे आठवतं ते सपाट रंगात काढा. पाब्लिता वेलार्दे ही तिथं शिकलेली सांता क्लारा पुएब्लोची मुलगी. १९३९पासून तिनं बँडेलियरच्या राष्ट्रीय स्मारकासाठी सत्तरहून अधिक चित्रं काढली, आणि पुढे तर दगड-माती पाट्यावर वाटून स्वतःचे रंग केले. पण या पद्धतीचा पुढे साचा झाला, हेही सांगायला हवं. तेच निळे हरिण, तेच गोंडस पाडस. गिऱ्हाईक तेच मागे. तोनिता पेन्याचा मुलगा ज्यो हेरेरा त्याला कंटाळला असावा. १९५०च्या दशकात तो कड्यांवरच्या जुन्या कोरीव खुणांकडे वळला आणि रंगाचे तुषार उडवून जवळजवळ अमूर्त चित्रं करू लागला. मला स्वतःला आईची चित्रं जास्त आवडतात, पण मुलाचं धाडस मोठं.

डनबाईंच्या पद्धतीबद्दल वाचलं तेव्हा मला एलिमेंटरीचा स्मरणचित्राचा पेपर आठवला. आपल्या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र असतं. ‘बाजारातला देखावा’, ‘नळावरची भांडणं’, पोरांनी आठवून काढायचं. मी ३१ वर्षं पोरांना घोकायला लावलं : आधी क्षितिजरेषा, मग जमीन, मग पुढची माणसं मोठी, मागची लहान, कागद कोरा सोडाल तर मार्क जातील. एका मेंढपाळाच्या मुलानं एकदा सराव परीक्षेत नुसती मेंढरं काढली होती. पंधरा-वीस, सगळी एकाच आकाराची, कोऱ्या कागदावर, प्रत्येकीचं तोंड वेगळं. मी विचारलं, जमीन कुठंय? तो म्हणाला, ‘सर, जमीन तर खालीच असती की.’ मी पन्नासात सतरा दिले. त्या स्कंकांसमोर बसलो असताना तो आकडा डोक्यातून जाईना.

२३ जानेवारीला सान इल्डेफोन्सोचा सण असतो. पहाटे हरणं डोंगरातून खाली येतात, म्हणजे हरणांचं सोंग घेतलेले नाचे. जावयानं गाडी लावतानाच बजावलं, ‘वही गाडीत ठेवा. इथं फोटो नाही, स्केच नाही.’ थंडी अशी की डोळ्यांतलं पाणी गालावर गार होत होतं. नाचे दोन हातांत दोन काठ्या धरून पुढे वाकलेले असतात, त्या काठ्या म्हणजे हरणाचे पुढचे पाय. चालताना काठीचं टोक मातीवर किंचित अडखळतं, अगदी खऱ्या हरणानं कानोसा घेत पाय टाकावा तसं. क्रेसेन्सिओच्या आणि अवा त्सिरेच्या चित्रांत या काठ्या मी कितीदा पाहिल्या होत्या, पण तो अडखळा मला तिथं कळला. घरी आल्यावर रात्री वही उघडली. स्मरणचित्राचा मास्तर मी. समोर बसलेल्या बाईची शाल तेवढी नीट आठवली. मग वाटलं, गाडीत ठेवायला सांगितलेली वही घरी येऊन उघडणं हेही काही बरं नाही. मिटून ठेवली.

त्या लोकांना सगळंच दाखवायचं नसतं. सांता फेच्या चौकात जुन्या गव्हर्नरवाड्याच्या ओसरीखाली मडकी-दागिने विकायला बसतात, तिथं एका बाईंना मी अवान्यूचा अर्थ विचारला. मास्तरकीची सवय, तीन उपप्रश्नही तयार होते. त्या म्हणाल्या, ‘पाणी.’ आणि हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

राहता राहिली वारली. तुलना अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही, ती चुकीच्या जागी केली आहे. दिसण्यात काही साम्य नाही. वारलीचे त्रिकोण कुठं, आणि केस न् केस मोजणारी ही रेघ कुठं! साम्य आहे ते कागद येण्याच्या गोष्टीत. वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहीत. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा मशे यांनी तो भरून टाकला. भिंतीवर होतं तोवर नाव लागत नव्हतं, कागदावर आलं आणि नाव लागलं. तिकडेही मडक्यावरून कागदावर येताना तेच घडलं. आपण मशे यांचं चित्र ‘भारतीयांनी काढलेली काठीची माणसं’ अशा ओळीखाली कुठल्या परदेशी पेपरात पाहिलं असतं, तर पत्र लिहिलं असतं की नाही?

नावाचा हट्ट धरताना माझ्यापुढे एक अडचण आहे, ती लपवत नाही. मारिया मार्टिनेझ नावाजल्यावर, सही असली की मडक्याला भाव जास्त येतो म्हणून, गावातल्या बायका आपली मडकी घेऊन तिच्याकडे येत आणि ती त्यांवरही सही करून देई, असं सांगितलं जातं. बाजाराच्या हिशेबानं ही लबाडी. तिच्या हिशेबानं एकटीनंच पुढे जाणं बरं दिसलं नसतं, इतकंच. आणि याच्या उलटही आहे. मुलीच्या गाडीच्या पिवळ्या नंबरप्लेटवर लाल सूर्य आहे, मधे वर्तुळ, चारी दिशांना चार-चार किरणं. तोच राज्याच्या झेंड्यावर, १९२५पासून. हॅरी मेरा या डॉक्टरनं तो झेंड्यासाठी घेतला झिया पुएब्लोच्या एका मडक्यावरून. मडकं करणारीचं नाव कुठंच नाही. आम्हाला न विचारता आमचा सूर्य घेतला, ही झियाकरांची तक्रार अजून आहे.

तेव्हा सही नसेल तिथं नसू द्या. पण अवा त्सिरेनं स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत ती केलेली आहे. विनंती एवढीच, की येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी : चित्र अवा त्सिरे यांचं, गाव सान इल्डेफोन्सो, सर्पाचं नाव अवान्यू. ‘रेड इंडियन’ हा शब्द काढला तर उत्तमच. चित्र पुन्हा छापणार असाल तर कड शाबूत ठेवून छापावं. जागा कमी पडली तर माझ्या पत्रातला विमानतळाचा परिच्छेद गाळा.

माझं नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर आहे. तो छापला नाही तरी चालेल, चित्र मी काढलेलं नाही.

आपला एक जुना वाचक,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा